बावीवरची जखीण आणि स्पेनचे फौजदार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, दापोलीत पाऊस लागला की दोन गोष्टी हमखास होतात. वीज जाते, आणि भुतांच्या गोष्टी निघतात. मी या गावात छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी वर्गात कुणीतरी हळूच म्हणायचंच, ‘बाई, धडा नको, गोष्ट सांगा.’ गोष्ट म्हणजे भुताचीच, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं. आज मीही भुताचीच गोष्ट सांगणार आहे, पण ती सांगताना थोडी स्पेनला जाऊन येणार आहे.

आमचं मूळ घर हर्णैच्या वाटेवरच्या एका वाडीत. मागच्या आगरात पोफळींच्या कडेला एक बाव होती, चिऱ्यांनी बांधलेली. लहानपणी आम्हा मुलींना सक्त ताकीद होती, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला बावीवर जायचं नाही. तिथे जखीण असते. तिच्या हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, केस मोकळे. वाकून पाण्यात बघणाऱ्या मुलीला ती खालून हाक मारते. मी एकदा आजीला विचारलं, ‘ती आधी कोण होती गं?’ आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘भुताला नाव विचारू नये हो.’

तो विषय तिथेच मिटला. तो पुन्हा उघडला गेला साठ वर्षांनी, दोन परदेशी कादंबऱ्यांमुळे.

माझी भाची पुण्यात स्पॅनिश शिकली. तिला ठाऊक आहे की मावशी रहस्यकथांची वेडी. एका गणपतीत तिनं येताना दोन स्पॅनिश कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरं आणली आणि म्हणाली, ‘मावशी, यात तुझं कोकण आहे.’ मला हसू आलं. स्पेन म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे बैलांची झुंज आणि रणरणतं ऊन. पण वाचायला घेतलं आणि पहिल्या काही पानांतच पाऊस लागला तो थांबेना. धुकं, दाट रान, ओलसर दगडी घरं, दुथडी वाहणारी नदी, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक असलेलं गाव.

ती कादंबरी डोलोरेस रेदोन्दो या लेखिकेची. स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सीमेला लागून नाव्हारा नावाचा प्रांत आहे. तिथल्या बास्तान खोऱ्यात एलिसोन्दो हे गाव. या खोऱ्यावर तिनं तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या दोन २०१३ मध्ये आल्या, तिसरी २०१४ मध्ये. पुढे तिन्हींवर चित्रपट निघाले. नायिका आहे पोलीस इन्स्पेक्टर आमाया सालासार. ती याच गावची मुलगी. शहरात नोकरी करते, आणि गावात खून पडू लागतात तेव्हा तपासासाठी तिला परत यावं लागतं. नदीकाठी कोवळ्या मुलींची प्रेतं मिळतात. अंगावर गावात घरोघरी होणारी एक पारंपरिक गोड वडी ठेवलेली. आणि गाव कुजबुजू लागतं, हे काम बासाहाऊनचं.

बासाहाऊन म्हणजे बास्क लोकांचा रानाचा धनी. अंगभर केस, माणसाहून उंच. तो वाईट नाही बरं का. वादळ येणार असलं किंवा लांडगा जवळ आला की तो रानातून आरोळी देऊन धनगरांना सावध करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर राखणदार. आमच्याकडे गावच्या वेशीवर, देवराईत राखणदार असतो आणि त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो. त्याच जातीचं हे दैवत.

या कादंबऱ्यांतली भुतं लेखिकेनं स्वतःच्या डोक्यातून काढलेली नाहीत. ती गावच्या आजीबाईंच्या तोंडची आहेत. बास्क लोकांच्या अशा कथा होसे मिगेल दे बारांदियारान नावाच्या एका पाद्र्यानं आयुष्यभर खेडोपाडी हिंडून गोळा केल्या. हा गृहस्थ १८८९ मध्ये जन्मला आणि १९९१ मध्ये गेला, म्हणजे शंभरी ओलांडून. रेदोन्दोच्या दुसऱ्या कादंबरीत तार्तालो हा एकडोळ्या राक्षस येतो. बायकांना मारणाऱ्या पुरुषांच्या गुन्ह्यांच्या जागी त्याचं नाव लिहिलेलं सापडतं. तिसरीत येतो इंगूमा, झोपलेल्या माणसाचा श्वास चोरणारा. तिथे पाळण्यातली मुलं मरत असतात. प्रश्न प्रत्येक वेळी एकच असतो. हा राक्षस कुणाच्या सोयीचा आहे? राक्षसानं केलं असं म्हटलं की कुणाकडे बोट दाखवायचं राहून जातं?

दुसरं पुस्तक तर वाचताना मी थेट हर्णै बंदरात जाऊन बसले. लेखक दोमिंगो व्हियार. हा १९७१ मध्ये जन्मला आणि २०२२ मध्ये अकालीच गेला. तो गालिसियाचा, म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या समुद्रकाठचा. त्याची २००९ मधली कादंबरी बुडालेल्यांच्या किनाऱ्याबद्दल आहे. एका लहानशा मासेमारी गावात एका खलाशाचं प्रेत किनाऱ्याला लागतं. गाव म्हणतं, जीव दिला. पण त्याचे हात बांधलेले असतात. इन्स्पेक्टर लेओ काल्दास चौकशी करू लागतो तेव्हा लोक दबक्या आवाजात सांगतात, की काही वर्षांपूर्वी वादळात बोट बुडाली, तिचा तांडेल बुडून मेला, तो परत आलाय. काहींनी तर त्याला पाहिलाही आहे. शेवट सांगत नाही, रहस्यकथेचा शेवट सांगणं हे पाप आहे. एवढंच सांगते, की त्या भुताच्या मागे जाता जाता इन्स्पेक्टर त्याच वादळी रात्री घडलेल्या दुसऱ्याच एका गोष्टीपाशी पोचतो, जिच्याबद्दल गावात कुणीही चकार शब्द काढत नव्हतं.

आमच्या किनाऱ्यालाही हे नवीन नाही. पाण्यात बुडून किंवा घातपातानं मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो रात्री माणसाला पाण्याकडे ओढतो, हे आम्ही ऐकत आलो. खारवी किंवा कोळी मेला तर त्याचा झोटिंग. गालिसियात मेलेल्यांची एक मिरवणूक रात्री मेणबत्त्या घेऊन निघते, तिला सांता कोंपान्या म्हणतात. आणि आमच्याकडे वेताळाची पालखी मशाली घेऊन निघते! दोन्हीकडे नियम एकच. दिसली तर बाजूला व्हायचं आणि सकाळी कुणाला सांगायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग आपल्याकडे असं कुणी लिहिलंच नाही का? लिहिलं, पण जरा वेगळ्या वाटेनं. माझ्या पिढीनं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अक्षरशः खाल्ल्या. त्यांनी हजाराहून अधिक लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही आमच्या घरातलीच माणसं होती. पण तो सगळा कारभार शहरी, मोटारी-पिस्तुलांचा. मग आले नारायण धारप. त्यांचं भूत खरं असायचं आणि त्याच्याशी लढायला समर्थांसारखा अधिकारी पुरुष लागायचा. धारपांनी परदेशी भयकथाही मराठी मातीत रुजवल्या. ‘लुचाई’ हे त्याचं ठळक उदाहरण. रत्नाकर मतकरींनी गूढकथा माणसाच्या मनात नेऊन ठेवली. या तिघांचंही माझ्यावर ऋण आहे. पण माझ्या वाचनापुरतं सांगते, आपल्याकडे ही दोन दुकानं वेगळी राहिली. एका दुकानात खून, दुसऱ्या दुकानात भूत. भूत हाच खुनाचा पुरावा आहे, असं समजून गावात शिरणारा फौजदार मला मराठीत फारसा भेटला नाही.

खरं म्हणजे माल आमच्या दाराशीच होता. याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे. त्यांनी ‘गारंबीचा बापू’ १९५२ मध्ये लिहिली आणि ‘तुंबाडचे खोत’ १९८७ मध्ये. खेड तालुक्यातली जगबुडी नदी आणि तिच्या काठचं खोतांचं घराणं. पेंडशांनी दाखवलं, की कोकणातल्या घराण्याचा इतिहास म्हणजे जमीन, पैसा, बाई आणि झाकलेली पापं. गंमत पाहा, २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातलं नाव पेंडशांच्या कादंबरीवरून आलेलं, आणि गोष्टीचं मूळ धारपांच्या एका कथेत. दोन वेगळ्या दुकानांचा माल एका पडद्यावर आला! त्यातला हस्तर हा देव मात्र आमच्या कुठल्याही गावात नाही, तो चित्रपटासाठी घडवलेला आहे. पण त्याला ज्या हावेपायी कोंडलं आणि पुन्हा पुन्हा जागवलं, ती हाव गावोगावी आहे.

२०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीत तिचं चित्रण झालं. एक घराणं, जमिनीचे वाद, लागोपाठचे मृत्यू आणि भुताटकी. स्पॅनिश कादंबऱ्यांच्या सगळ्यात जवळ जाणारी म्हणायची तर हीच. कोकणाची बदनामी होते अशी ओरडही तेव्हा झाली. ती ओरड मला कळते. बाहेरच्यांना कोकण म्हणजे मासे, आंबे आणि भुतं एवढंच दिसावं याचा मलाही राग येतो. पण भुतं आमची आहेत हे नाकारून कसं चालेल? ती का आहेत, हे विचारायला हवं.

आणि इथे मला एक जुनं पुस्तक आठवतं. १९१५ मध्ये आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींचं एक टिपण छापलं. त्यातली माहिती जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं. त्यानं गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवले आणि मास्तरांनी उत्तरं लिहून धाडली. माझ्याच धंद्यातले लोक, म्हणून मला त्याचं विशेष. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. कान्हेरे मूळचे आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या आयनी-मेट्याचे. कोकणची भुतं गोळा करणारा साहेब एका कोकणच्या तरुणाच्या हातून गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याची टिपणं छापली गेली.

त्या टिपणांत भुतांची जी यादी आहे, ती नीट वाचली की अंगावर काटा येतो, पण तो भुतांच्या भीतीचा नव्हे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेला, तो मुंजा. पाण्यात गेला, तो गिऱ्हा. बाळंतपणाच्या दहा दिवसांत किंवा विटाळशी असताना गेली, ती हडळ. विधवा गेली, ती लावसट. आणि नवरा जिवंत असताना गेली, ती जखीण. मंडळी, ही यादी भुतांची वाटते, पण ही तर मृत्यूंची नोंदवही आहे! कोण मेलं, कोणत्या वयात, कशानं. सरकारी दप्तरात ज्यांचा मृत्यू एका ओळीत संपला, त्यांची नोंद लोकांनी अशी ठेवली. आणि त्या यादीत बायका किती, ते बघा.

पण या नोंदवहीत एक रकाना नाही. मृत्यूला जबाबदार कोण, हा रकाना. हडळ झाली हे सांगतात, पण बाळंतिणीला खायला काय दिलं होतं हे सांगत नाहीत. लावसट झाली म्हणतात, पण त्या विधवेच्या वाट्याची जमीन पुढे कुणाच्या नावावर चढली, हे कुणी बोलत नाही. मेलेली बाई मात्र वाईट ठरते. ती पोरांना ओढते, तिला खिळा मारायचा, तिचा बंदोबस्त करायचा. एकदा जिवंतपणी आणि एकदा मेल्यावर, असा दोनदा तिचा न्याय होतो. लोककथा गोड मानून घेताना मला हे विसरता येत नाही.

कारण लोकसमजूत निरुपद्रवी नसते. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात बायकांचे आणि लहान मुलींचे खून पडले. गुप्तधन मिळावं म्हणून पिंपळाखालच्या मुंजाला रक्त द्यायचं, अशी त्यामागची समजूत तपासात पुढे आली. तपास केला रमाकांत कुलकर्णी यांनी, ज्यांनी आधी रामन राघवचं प्रकरण हाताळलं होतं. त्यावर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिकाही आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं कायदा मागत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

स्पेननंही हे भोगलं आहे. बास्तानजवळच सुगारामुर्दी नावाचं खेडं आहे. तिथल्या आणि आसपासच्या माणसांवर चेटकाचा आरोप ठेवून १६१० मध्ये लोग्रोन्यो शहरात धर्मन्यायालयानं सहा जणांना जिवंत जाळलं. तुरुंगातच मेलेल्या आणखी पाच जणांचे पुतळे जाळले. त्या न्यायाधीशांपैकी एक होता आलोन्सो दे सालासार फ्रियास. त्याला शंका आली. पुढच्या वर्षी तो स्वतः खेड्यापाड्यांत फिरला, शेकडो कबुलीजबाब तपासले, चेटकाची म्हणून आणलेली मलमं पाहिली. पुरावा एकही निघाला नाही. त्यानं कळवलं, की चेटकिणींबद्दल बोलणं आणि लिहिणं सुरू होईपर्यंत इथे चेटकिणी नव्हत्याच. त्याच्या अहवालांमुळे १६१४ मध्ये नियम बदलले आणि तिथलं ते सत्र थांबलं. चारशे वर्षांनी त्याच मुलखात एक लेखिका पोलीस अधिकारी उभी करते आणि तिचं आडनाव सालासार ठेवते. हा योगायोग असेल किंवा नसेल, मला तो आवडला. गावच्या भुताला घाबरून पळायचं नाही, त्याला हसायचंही नाही. त्याचा जबाब घ्यायचा. या कादंबऱ्यांनी मला शिकवलं ते एवढंच.

तर आता पुन्हा आमच्या बावीवर.

पहिलं पुस्तक मिटलं तेव्हा पितृपक्ष चालू होता. स्वयंपाकघरात बसले असताना एकदम आठवलं. आजी दर भाद्रपदात अविधवा नवमी करायची. सवाष्ण जेवायला सांगायची, तिची ओटी भरायची. अविधवा नवमी असते ती नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीसाठी. पण आमच्या घरात तशी कुणी गेलीच नव्हती. पणजी विधवा होऊन गेली. चुलत आजी आजोबांच्या मागे पुष्कळ वर्षं होती. मग आजी ते पान कुणासाठी वाढत होती? आणि संध्याकाळी हिरव्या बांगड्यांची जोडी पदराखाली घेऊन आगरात कुठे जात होती? लहानपणी हे मी दर वर्षी पाहिलं, आणि कधी विचारलं नाही.

घराण्यातली एकच म्हातारी काकू तेव्हा हयात होती. नव्वदी उलटलेली, पण डोकं शाबूत. तिच्याकडे गेले आणि सरळ विचारलं. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्या चुलत आजोबांची पहिली. वर्षभरच नांदली. पाय घसरला म्हणून लिहून घेतलं.’ मी विचारलं, ‘घसरला होता का?’ ती म्हणाली, ‘मी कुठे होते गो तेव्हा? पण दुसरी आणली ती तीन महिन्यांत.’

आणि नाव? नाव काकूला ठाऊक नव्हतं. माहेर कुठलं, तेही नाही. सासरी आल्यावर ठेवलेलं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वंशावळीत चुलत आजोबांच्या नावापुढे एकच बायको आहे, दुसरी.

ती पडली, तिनं उडी घेतली, की तिला कुणी ढकललं, हे मला आता कधीच कळणार नाही. मी कुणा मेलेल्या माणसावर आरोप करत नाही. पण एवढं नक्की, की त्या मुलीचा या जगात उरलेला एकमेव पुरावा म्हणजे आमच्या बावीवरची जखीण. माझ्या आजीला ते ठाऊक होतं. ‘भुताला नाव विचारू नये’ असं तिनं मला बजावलं आणि स्वतः दर वर्षी तिच्यासाठी पान वाढलं. घराची अब्रूही राखली आणि त्या मुलीचं देणंही दिलं. त्या काळातल्या बाईला याहून जास्त काय करता येत होतं, कोण जाणे.

गेल्या वर्षी मी नवमी केली. भटजींनी सहज विचारलं, ‘कुणासाठी? नाव काय घ्यायचं?’ मला सांगता आलं नाही. इतक्या रहस्यकथा वाचल्या, छत्तीस वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले, आणि आपल्याच घरातल्या एका मुलीचं नाव मला सांगता आलं नाही.

बावीवर आता पंप बसला आहे, वर लोखंडी जाळी आहे. वाडीतली मुलं म्हणतात, दिवे आल्यापासून जखीण गेली. श्रोतेहो, तुमच्याही गावात अशी बाव असेल, पिंपळ असेल, खाजणातली एखादी वाट असेल. पावसाळ्यात नातवंडांना तिथली गोष्ट जरूर सांगा. पण त्याआधी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन एकदा विचारा, ही आधी कोण होती? नाव मिळालं तर एका कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे विचारायला साठ वर्षं उशीर झाला.